वस्तीसाठी राखीव

टण्ण करून भिंतीतलं एक ढेकूळ उपड्या घातलेल्या परातीवर पडलं, तेव्हा कुठं खोलीतल्या माणसांच्या ध्यानात आलं, की बराच वेळ कोणी काही बोललेलंच नाही.

मैनानं वर पाहिलं. नवी भिंत वाळताना असं करतेच. ओल सुटते, मातीत तुडवलेला भुसा फुगतो, एखादा तुकडा निसटतो. पण ही भिंत दिवाळीपासून छातीइतकीच येऊन थांबली होती. तिच्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड आणि कुडावर दगड ठेवून दाबलेले दोन पत्रे, एवढंच घर. काय होते ते पाहू, मग चढवू, असं म्हणून देवमननं, तिच्या नवऱ्यानं, फावडं कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं. मैनानं परात उचलली, दाराबाहेर झटकली आणि पुन्हा ललितेला मांडीवर घेऊन बसली. पाच वर्षांची पोर आता मांडीत मावत नव्हती; पण मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली, की ती कुठं असेल तिथून येऊन आईच्या मांडीत शिरायची.

"तर मग काय ठरलं?" केशवरावांनी विचारलं.

केशवराव वकील अकोल्याच्या नगरपालिकेचे सभासद. रेल्वे फाटकापलीकडच्या या रानात सायकल दामटत येणारे सभासद ते एकटेच. आल्याबरोबर घोंगडीवर बसले होते, पुढं केलेला चहा त्यांनी काही न बोलता घेतला होता आणि बशीत ओतून फुर्रकन पिऊन टाकला होता. मैनेला ते बरं वाटलं होतं. सांगायला आले होते तेही भल्याचंच. येत्या रविवारी अध्यक्ष आणि सगळे सभासद ही जागा पाहायला येणार होते. शहराच्या नव्या नकाशात इथं कापसाचा बाजार मांडलेला. अर्ध्या सभासदांचं म्हणणं, बाजाराच्या जागेवर घरं चालायची नाहीत, हंगामाच्या भरात गाड्या यायच्या आत ही माणसं उठवा. अर्ध्यांचं म्हणणं, बाजार अजून कागदावरच आहे, माणसं मात्र येऊन बसली आहेत, तर थोडी जागा घरांसाठी सोडा. मतं सारखी पडली, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, आधी जाऊन पाहू तर.

केशवरावांनी त्यातून वाट काढली होती. वाट अशी, की कोणी घराचं नावच काढायचं नाही. सगळ्यांनी आपण गाडीवान आहोत असं सांगायचं. कापसाच्या गाड्या हाकतो, हंगामात इथं वस्तीला असतो. प्रत्येक दारापुढं एकेक गाडी उभी करायची, जमलं तर बैलही बांधायचे. मग बाजाराची जागा बाजाराचीच राहते, नकाशाला हात लावावा लागत नाही, व्यापारी नाराज होत नाहीत, आणि कोणी कोणाला उठवतही नाही.

"पाटीवर लिहिलंच आहे की," ते हसून म्हणाले होते, "वस्तीसाठी राखीव. गाडीवानांनी वस्ती केली, तर कोणाच्या बापाचं काय गेलं?"

पाटीचं नाव निघालं आणि खोली गप्प झाली. कारण ती पाटी मैनानं वाचली होती.

मागच्या होळीची गोष्ट. तोवर ही सगळी तीस-बत्तीस घरं एका जिनिंग कारखान्याच्या आवारात, भिंतीला टेकवलेल्या झोपड्यांत राहत होती. देवमन सरकी काढणाऱ्या यंत्रावर, रेच्यावर, कापूस घालायचा, म्हातारी पार्बताबाई सरकी वेचायची, शालिकराम हमालांचा मुकादम होता. शेठनं नवं गोदाम काढलं आणि झोपड्यांना होळीपर्यंतची मुदत दिली. शालिकराम जागा शोधत हिंडला आणि फाटकापलीकडं त्याला चुन्यानं रंगवलेले दगड आणि मधोमध एक टिनाची पाटी दिसली. त्याला अक्षर येत नव्हतं. तो परत आला आणि मैनेला घेऊन गेला. मैनेचा बाप धामणगाव रेल्वेला रुळांवर कामाला होता. तिथल्या शाळेत तिनं चौथी पास केली होती. त्यांच्या लोकांत छपन्न सालच्या दीक्षेनंतर ज्याला त्याला लिहिण्यावाचण्याचं कौतुक लागलेलं, त्यामुळं तिच्यामागून आणखी पंधरावीस माणसं चालत गेली. पोरं तर पुढंच पळत होती.

तिनं पदर सावरला आणि मोठ्यानं वाचलं, "वस्तीसाठी राखीव जागा. हुकुमावरून."

कोणाचा विश्वास बसेना. तिला पुन्हा वाचायला लावलं. मग पार्बताबाई पुढं झाली, पाटीवर हात फिरवला आणि म्हणाली, "पाह्य व मैना, नीट पाह्य. आपल्यासाठीच लिहेल हाय का?" मैनानं तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदाही वस्तीच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासाठी काही राखून ठेवलं होतं, आणि तेही लिहून.

जागा वाटताना मोजायला टेप कुठली असणार? पार्बताबाईनं आपलं धुवट लुगडं काढून दिलं. एक लुगडं लांब, अर्धं लुगडं रुंद, असं प्रत्येकाचं ठरलं. दोघी टोकं धरायच्या, तिसरी फक्की टाकत जायची. दुपारपर्यंत ओढून ओढून लुगडं सैल झालं आणि शेवटच्या घरांच्या जागा पहिल्यांपेक्षा हातभर मोठ्या निघाल्या. त्यावरून पुढं दोन महिने पहिल्या रांगेतल्या बाया शेवटच्या रांगेतल्यांना 'मालगुजारीनबाई' म्हणून चिडवत होत्या. मैनेला मात्र सगळे 'पाटीवाली' म्हणायला लागले, आणि त्यात चिडवणं कमी होतं.

मग पाऊसपाणी झालं, भिंती उठल्या, दिवाळी आली. पहिल्या वेचणीच्या कापसाच्या गाड्या शहरात येऊ लागल्या आणि त्यांच्यामागून आला नगरपालिकेचा ओव्हरसियर. टेप घेऊन आला, घरं पाहिली आणि तोंडावर रुमाल धरून हसत सुटला. अरे, वस्ती म्हणजे गाड्यांची वस्ती! लांबच्या गावाहून कापूस घेऊन शेतकरी येतो, त्याच्या गाडीला रात्र काढायला जागा, बैल सोडायला जागा. तुम्ही काय समजलात, तुमच्यासाठी?

हसण्याची गोष्ट हां हां म्हणता सगळ्या अकोल्यात झाली. नळावर पाणी भरायला गेलं, की तिथल्या बाया विचारायच्या, तुमच्या बैलाच्या गोठ्यात ऊन येतं का? मैनेला दोन दिवस भाकर गोड लागली नाही. वस्ती हा शब्द काही तिला नवा नव्हता. लहानपणी धामणगावला कोणी पाहुणा आला, की बाप विचारायचाच, आज वस्ती करता का जाता? तोच शब्द पाटीवर चढला आणि तिला तो ओळखू आला नाही. किंवा असं असेल, की तिला तो ओळखायचाच नव्हता.

म्हणूनच आता खोलीतले सगळे गप्प होते. कोणी तिच्याकडं पाहत नव्हतं, आणि न पाहण्यातही सगळ्यांचं लक्ष तिच्याकडंच होतं. तिच्या वाचण्यानं ते इथं आले. आता त्याच पाटीच्या खऱ्या अर्थानं त्यांना राहता येणार होतं. यापेक्षा चांगली सोय ती काय असणार? शालिकरामनं मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, की वकीलसाहेब म्हणतात तसंच होईल, गाड्यांचं माझ्याकडं लागलं, सगळे गाडीवान ओळखीचे आहेत. माणसं हसली, मोकळी झाली. केशवराव उठले. ललितेच्या डोक्यावर त्यांनी टपली मारली आणि सायकल काढली.

मैना दारात उभी राहून त्यांची सायकल फाटकापर्यंत जाताना पाहत राहिली. वाईट माणूस नव्हे, असं तिनं मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी देवमन कारखान्यातून आला, तो नेहमीसारखा डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस घेऊन. ललिता त्याला रोज 'बुढ्ढेबाबा' म्हणायची आणि पाठीवर चढून केसांतला कापूस एकेक वेचायची. ती वेचत होती तेव्हा मैनानं चुलीपुढं बसल्या बसल्या सांगून टाकलं, की आपल्या दारापुढं गाडी लावायची नाही.

देवमनला आधी वाटलं, गाडी मिळाली नसेल. मग त्याला कळलं, आणि तो हसला, आणि मग तो चिडला. चिडला की त्याचा आवाज उलट खाली जायचा. म्हणाला, वर्षभरापूर्वी डोक्यावर पत्रे आणि खांद्यावर ही पोर घेऊन आवारातून निघालो, ते तू विसरलीस काय? त्याआधी गावात आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हा गावानं काम तोडलं, तिथूनही निघालो. आता पुन्हा निघायचं त्याच्या पायात बळ नव्हतं. एक गाडी उभी करायची होती फक्त. खोटं बोलायला कोणी सांगतच नव्हतं, गाडी बोलणार होती.

"तेच तं म्हनते मी," मैना म्हणाली. "वस्तीले आलेला मानूस सकायी उठून जाते. गाडी लावली म्हंजे आपनच सांगतलं, का आमी सकायी जातो."

"कोन जाते सकायी? हंगामभर कोनी उठवत नाही."

"अन् हंगाम सरला म्हंजे?"

देवमननं कानावरचा कापूस झटकला.

"गावात आपल्या आज्याचा आजा तिथंच मेला," मैना म्हणाली. "तरी आपन तिथं वस्तीलेच होतो. जिनात बी वस्तीलेच होतो. सारा जलम वस्तीवर काढला, आता पाटी वाचता येते तरी तेच करू का?"

ललितेचा हात बापाच्या केसांत थांबला होता. देवमननं तिला पाठीवरून उतरवलं आणि म्हणाला, की तुला बोलता येतं, मला येत नाही. पण रविवारी गाडी येईल.

आणि रविवारी खरंच सगळ्या गाड्या आल्या.

शालिकरामनं शब्द पाळला होता. सकाळपासूनच धुरळा उडवत, घुंगरं वाजवत गाड्या रांगेनं येत होत्या आणि प्रत्येक दारापुढं एकेक उभी राहत होती. कोणाच्या गाडीत अजून सरकीचे दाणे, कोणाच्या गाडीत कडबा. गाडीवान मंडळींना मोठी गंमत वाटत होती. एकानं पार्बताबाईला विचारलं, काय व बुढे, हाकता येते का नाही? ती म्हणाली, बापा, तुझ्यासारखे चार हाकले, बैलाचं काय घेऊन बसला. एका घरापुढं गाडी इतकी आडवी लागली, की घरातल्या बाईला चाकाखालून वाकून बाहेर यावं लागलं. बैल अंगणात बांधल्याबरोबर त्यांनी आधी शेवंतीची रोपं खाल्ली. दुपारपर्यंत वाडी घरांची दिसेनाशी झाली. दिसत होत्या त्या धुऱ्या, जू आणि चाकं, आणि त्यांच्यामागं कुठंकुठं थोडंसं छप्पर.

मैनेच्या दारापुढंही एक गाडी होती. देवमननं स्वतः आणून लावली होती आणि बैल शालिकरामकडं बांधून तो कडेच्या कडुलिंबाखाली इतर गड्यांत जाऊन बसला होता. मैनानं आतून पाहिलं. तिनं सकाळी दारात शेणाचा सडा घातला होता, रांगोळी काढली होती. गाडीचं चाक बरोबर रांगोळीवर उभं होतं.

ती बाहेर आली. पदर खोचला. चाकाखालचा दगड पायानं सरकवला, धुऱ्या उचलून धरल्या आणि गाडी मागं लोटायला लागली. रिकामी गाडी, पण एकटीच्या अंगाला जडच. पहिल्यांदा हललीच नाही. ललिता आली आणि दोन्ही हात चाकाला लावून, डोळे मिटून रेटायला लागली. लिंबाखाली गडी उठून उभे राहिले. शालिकराम ओरडला, की या पाटीवालीला झालं तरी काय? एकदाचं चाक रांगोळीवरून उतरलं आणि गाडी उतारावर आपणहून चालायला लागली. मैना धुऱ्या धरून तिच्याबरोबर ओढली जात रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा देवमन धावत आला. तिला वाटलं, आता हा गाडी परत लोटणार. पण सगळ्यांच्या देखत बायकोशी गाडीची ओढाताण करायची त्याला लाज वाटली असेल, किंवा आणखी काही. त्यानं चाकाखाली दगड लावला, गाडी रस्त्याच्या कडेला स्थिर केली आणि तिच्याकडं न पाहता म्हणाला, "हात पाह्य तुया. सालपटला."

तेवढ्यात फाटकाकडून मोटार दिसली.

मोटारीतून अध्यक्ष उतरले, टोपी सावरत. मागून एक व्यापारी सभासद, केशवराव, टेप घेतलेला ओव्हरसियर आणि फाटकापासून चालत आलेले आणखी चारपाच जण. अध्यक्ष म्हातारे, शांत माणूस होते. पहिल्या दारापुढं थांबले, गाडी पाहिली, विचारलं, तुम्ही कोण? उत्तर आलं, गाडीवान. दुसऱ्या दाराशी, गाडीवान. तिसऱ्या दाराशी एक जण इतका घाईनं गाडीवान म्हणाला, की प्रश्न त्याच्यानंतर आला. व्यापारी सभासदांनी मिशीत हसून घेतलं. त्यांना हे सोयीचंच होतं. गाडीवान म्हणजे हंगामाची माणसं, हंगामानंतर बाजार मोकळा. केशवरावही खूश होते. सगळं बिनतक्रार चाललं होतं.

मैनेच्या दाराशी अध्यक्ष थांबले. दारात चाकानं पुसलेली रांगोळी आणि मोकळी जागा.

"बाई, तुमची गाडी?"

"गाडी नाही साहेब. मी राह्यते इथं."

केशवरावांनी पुढं होऊन सांगायचा प्रयत्न केला, की बाईचा नवरा गाडीवर आहे, गाडी ती काय तिथं रस्त्याला उभी. मैनानं मान हलवली.

"थे उसनी हाय. माह्या घरवाला रेच्यावर काम करते."

व्यापारी सभासदांना आता चेव आला. त्यांनी विचारलं, तिथं पाटी आहे ती वाचली नाही काय? का वाचताच येत नाही?

"मीच वाचली," मैना म्हणाली. "ह्या समद्याइले मीच वाचून दाखवली. वस्ती म्हंजे आमची, असं समजली मी. चूक झाली. तुमच्या साहेबांनी सांगतलं तवा समजलं, का थे बैलासाठी होतं."

"मग? समजलं ना आता?"

"समजलं. तरी राह्यते."

कोणी हसलं नाही. आपला आवाज कसा निघतो आहे हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पदराआडून ललितेनं तिचं लुगडं मुठीत धरलं होतं, तेवढंच कळत होतं.

"तुमी बैलाइले रात काढाले जागा ठेवली," ती म्हणाली, "थे चांगलंच केलं. मुकं जनावर हाय. पन एवढ्या मोठ्या नकाशात आमी कुठीसा हावो, थे एकडाव बोट ठेवून दाखवा. तिथं जातो आमी."

ओव्हरसियरनं नकाशाची गुंडाळी या काखेतून त्या काखेत केली. उघडली मात्र नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांनी तिला जे सांगितलं ते रागानं सांगितलं नाही, समजावून सांगितलं. गाडीवान म्हणून राहिलात, तर हंगामभर कोणी हात लावणार नाही. राहणारे म्हणालात, तर बाजाराच्या जागेत घरं द्यायची का, यावर सभेत ठराव लागेल. तो वर सरकारकडं जाईल. आणि ठराव पडला, तर दुसऱ्या दिवशी उठवावं लागेल, मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही. बाई, नीट विचार करून सांगा. अजून मी काही ऐकलं नाही असं समजतो.

मैनानं देवमनकडं पाहिलं. तो गाडीला टेकून उभा होता, भुवयांवर कालचा कापूस तसाच. त्यानं मान खाली घातली नाही, आणि होकारही दिला नाही. तो नुसता तिच्याकडं पाहत होता, जणू पाटीवर काय लिहिलं आहे ते ती आता पुन्हा वाचून सांगणार होती.

"आइकलं असं समजा साहेब," मैना म्हणाली. "आमी राह्यतो इथं."

अध्यक्ष पुढच्या दाराकडं वळले. ते पार्बताबाईचं. तिच्या दारापुढं सगळ्यांत मोठी गाडी, दोन पांढरे बैल, शिंगांना रंग दिलेला. अध्यक्षांनी विचारलं, आजी, तुमचे का हे बैल?

पार्बताबाईनं बैलांकडं पाहिलं, मग मैनेकडं पाहिलं, मग लिंबाखाली हातानं नको नको करणाऱ्या शालिकरामकडं पाहिलं.

"बैल उसने बापा," ती म्हणाली. "गाडी बी उसनी. अन् माह्यी शेवंती खाऊन टाकली मेल्यानं. घर तेवढं माह्यं हाय."

यावर मात्र हशा झाला. एक सभासद हसता हसता खोकले. गाडीवानही हसले. पण हशात काही फुटायचं ते फुटलं. पुढच्या दारातल्या माणसानं प्रश्नाची वाट न पाहता सांगितलं, की तो हमाल आहे. त्याच्यापुढची बाई म्हणाली, आम्ही राहतो. सगळेच तसं म्हणाले असं नाही. शेवटच्या रांगेतले बरेच जण गाडीवानच राहिले, आणि त्यांचाही काही दोष नव्हता. ज्यांनी आधीच गाडीवान सांगून टाकलं होतं, त्यांतले दोघं ओव्हरसियरच्या मागं फिरून फिरून विनवत होते, की आमचंही बदला. तो म्हणत होता, हे काय खेळ मांडला आहे काय?

मोटार गेल्यावर केशवराव मागं राहिले. सायकल आणली नव्हती, चालतच जाणार होते. ते मैनेवर रागावले होते आणि राग लपवत नव्हते. म्हणाले, मी तुमच्यासाठी खिडकी उघडून दिली होती, तुम्ही जाऊन भिंतीला धडक दिली. आता सभेत मला उघडपणे व्यापाऱ्यांच्या विरुद्ध हात वर करावा लागेल. हरलो, तर तुमचं घर जाईल आणि माझी पुढची निवडणूक.

"तुमचे उपकार हायेत साहेब," मैना म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. "पन खिडकीतून चोर येते. आमाले दारातून यायचं होतं."

केशवराव म्हणाले, चहा आहे का? त्यांनी चहा घेतला, या वेळी उभ्यानंच, आणि गेले.

शालिकराम तिच्याशी आठ दिवस बोलला नाही. नळावर त्याच्या बायकोनं मैनेच्या घागरीपुढं आपली घागर रेटली. रात्री कोणाच्या तरी घरातून ऐकू यावं इतपत मोठ्यानं कोणी म्हणालं, की एकदा पाटी वाचून आणलं, आता न वाचताच घालवणार. मैना ते ऐकून घेत होती. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पत्र्यावर वाऱ्यानं दगड हलला, तरी तिला वाटायचं, आले. ती झोपलेल्या ललितेच्या पायांवरून हात फिरवायची. पाय धुळीनं फुटले होते, आणि या एका वर्षात ते इथल्याच मातीत चालून चालून लांब झाले होते.

सभा झाली त्या दिवशी शालिकराम स्वतःच नगरपालिकेच्या कचेरीबाहेर जाऊन दिवसभर बसला. संध्याकाळी परत आला तो सरळ मैनेच्या दाराशी. अबोला कुठवर न्यायचा हे त्याचं रस्त्यातच ठरलं असावं.

"काय झालं?" देवमननं विचारलं.

शालिकरामनं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. मग सांगितलं, की व्यापाऱ्यांनी लई आरडाओरड केली. केशवराव उभे राहिले आणि लई बोलले, हातही वर केला. मग अध्यक्षांनी सांगितलं, की बाजाराच्या जागेत घरं द्यायची का नाही हा प्रश्न मोठा आहे, नगरपालिका त्याचा विचार करील. तोवर कोणी कोणाला उठवायचं नाही.

"विचार करील म्हंजे?"

"म्हंजे हो बी नाही अन् नाही बी नाही." शालिकराम मैनेकडं वळला. "पन कागदावर गाडीवान नाही लिहिलं व. मी तिथल्या शिपायाले दोनदा इचारलं. राहणारे लोक, असं लिहेल हाय."

तो गेला. देवमन उठला, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि घरामागच्या खड्ड्यात उतरला. मैना पाण्याची बादली घेऊन आली, माती ओली केली, भुसा टाकला. ललितेला कोणी सांगायला नको होतं. झगा कमरेत खोचून ती चिखलात उतरली आणि थबथब पाय आपटत नाचायला लागली.

एका बाजूचा कूड काढून उजेड होता तोवर त्यांनी भिंतीवर एक थर चढवला. देवमन गोळे करून द्यायचा, मैना ते बसवून हातानं चोपायची, आणि भिंत तिच्या छातीपासून गळ्यापर्यंत आली. शेजारी पार्बताबाई आपल्या अंगणात उकरून खाल्लेल्या शेवंतीच्या जागी नवी कलमं लावत बैलांच्या मालकाला शिव्या देत होती. फाटकावरून अमरावतीकडची गाडी शिटी देत गेली.

ललिता चिखलातून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत माखलेली. तिनं भिंतीला हात लावून पाहिला आणि तिथं पाच बोटं उमटली ती बघत राहिली.

"माय," ती म्हणाली, "थे कचेरीतले लोक इचार करून राह्यले ना?"

"हो."

"कायचा?"

"आपन इथं राहावं का नाही, त्याचा."

ललितेनं भिंतीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आपल्या पायांकडं पाहिलं. मैना मातीचा गोळा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"पन माय, आपन तं राहूनच राह्यलो ना? मंग थे कायचा इचार करून राह्यले?"